मोठ्या स्लायडिंग दरवाजाला जाळी कुठली घ्यायची? आधी दार कोण वापरतं ते बघा

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. पुण्याजवळ सांगवीत नदीपासून जवळ फ्लॅट आहे, हॉलमधून टेरेसवर जायला साडेआठ फूट रुंद आणि सव्वासात फूट उंच टू ट्रॅक, म्हणजे सरकायला दोन समांतर खाचा असलेला, स्लायडिंग दरवाजा आहे, काचेची दोन शटर, म्हणजे सरकती पानं, जाळी बिल्डरने दिलेलीच नाही. घरात वॉकर घेऊन चालणाऱ्या सासूबाई, आठ वर्षांचा मुलगा आणि एक मांजर. जाळी बसवणाऱ्या तिघांना बोलावून विचारलंत, एक म्हणाला प्लीटेड, म्हणजे घड्यांची जाळी लावा, दुसरा म्हणाला सगळी फ्रेम काढून थ्री ट्रॅक करा, तिसरा मॅग्नेटवाली पडद्यासारखी जाळी दोन तासात लावून देतो म्हणतो. आणि तुम्ही विचारताय की यातली सगळ्यात चांगली कुठली.

मी अॅल्युमिनियमच्या दारं-खिडक्यांचं आणि जाळ्यांचंच काम करतो, पुण्यात जास्त, थोडं कोकणातही. सगळ्यात चांगली जाळी अशी काही नसते, एकाच बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्याला एक बरोबर ठरते आणि खालच्याला दुसरी. आणि लोक जाळीच्या कापडावर फार विचार करतात, कडेच्या फटींवर अजिबात करत नाहीत. डास जाळीच्या भोकातून येतच नाही हो, तो येतो शटरच्या कडेने, खालच्या ट्रॅकमधून, दोन शटरच्या मधल्या जागेतून. झोपायच्या साध्या मच्छरदाणीला चौरस इंचात साधारण १५६ भोकं असतात आणि त्यातूनही डास आत येत नाही. दाराला जी नेहमीची फायबरची जाळी लावतात ती इंचाला १८ बाय १६ ची, म्हणजे चौरस इंचात २८८ भोकं, एकेक भोक एक मिलिमीटरच्या जरासं वर. डासाला ते भरपूर झालं. मग महागडी जाळी लावूनही लोक म्हणतात की डास कमी झाले नाहीत, कारण शटरच्या कडेला चार मिलिमीटरची फट सव्वासात फूट उंच उघडी असते.

म्हणून दाराला काय लावायचं हे ठरवताना मी पहिल्यांदा विचारतो की हे दार दिवसातून किती वेळा उघडतं, कोण उघडतं, आणि उघडणाऱ्याचा एक हात तरी मोकळा असतो का. कपडे वाळत घालायला बादली घेऊन जाणारी बाई, वॉकर धरलेली आजी, पळत जाणारा मुलगा, या तिघांना जी जाळी सहज उघडता आणि बंद करता येते तीच टिकते. जी येत नाही ती पहिल्या महिन्यानंतर कायमची उघडी राहते.

आता तुमच्या तीन पर्यायांकडे येतो.

मॅग्नेटवाली जाळी. स्वस्त आहे, भाड्याच्या घराला ठीक आहे, साध्या अडीच-तीन फुटी बाल्कनीच्या दाराला मी स्वतः सुचवतो. तुमच्याकडे मात्र एक शटर सरकवल्यावर जी जागा मोकळी होते ती जवळजवळ सव्वाचार फूट रुंद आहे. एवढ्या रुंदीला मधले मॅग्नेट वारा आला की सुटतात, आणि सुटले की स्वतःहून परत चिकटतीलच असं नाही, खालचे दोन-तीन तर हमखास उघडे राहतात आणि डास खालूनच जास्त येतो. शिवाय ती चिकटवतात वेल्क्रोने, अॅल्युमिनियम पश्चिमेच्या उन्हाने तापलं की गोंद सुटतो. मांजराला तर ती ढकलून जाता येते हे एका दिवसात कळतं. वॉकरच्या पायातही तिचं टोक अडकू शकतं, हे मला जास्त काळजीचं वाटतं. तुमच्यासाठी ही नको.

प्लीटेड. ही घड्या घड्यांची, बाजूला गोळा होणारी. हिचा मोठा फायदा फार कमी लोक सांगतात, तो असा की ही संपूर्ण फ्रेमवर आतल्या बाजूने बसते, म्हणजे साडेआठ फूट पूर्ण, दोन्हीकडून येऊन मधे मॅग्नेटवर मिळते. त्यामुळे आतली काच कुठेही उभी असू दे, अर्धी उघडी, पाव उघडी, काही फरक पडत नाही, सगळ्या फटी जाळीच्या पलीकडे राहतात. खालची पट्टी अगदी बारीक, काही मिलिमीटरची, वॉकरला त्रास नाही. दिसायलाही छान, लागत नसेल तेव्हा बाजूला गोळा करून ठेवता येते.

पण ती उभी राहते आतून गेलेल्या बारीक दोऱ्यांच्या ताणावर. एक दोरी तुटली की सगळी जाळी सैल पडते आणि कुठेतरी फुगते. दोरी बदलता येते, त्यात मोठं काही नाही, पण बसवणारा माणूस दोन वर्षांनी फोन उचलणार आहे का ते आधी बघा. वरच्या मजल्यावर, समोर मोकळं असेल तर पावसाळ्याच्या सुरुवातीच्या वाऱ्यात ही जाळी पोट काढते आणि खालच्या पट्टीतून बाहेर येते. धूळ घड्यांमध्ये बसते, ती ओल्या फडक्याने पुसायला गेलं की चिखल होतो, मऊ ब्रशने कोरडी झाडावी लागते. आणि मांजर. मांजराने एकदा तिच्यावर चढायचं ठरवलं की घड्यांना नखं अडकून धागे निघतात आणि तो भाग परत सरळ होत नाही, पूर्ण पॅनेल बदलावं लागतं. तुमचं मांजर म्हातारं आणि शांत असेल तर गोष्ट वेगळी. तुम्ही लिहिलंय की ते काचेपाशी उभं राहून पक्ष्यांवर झेप घेतं, मग ते जाळीवरही घेणारच.

थ्री ट्रॅक. नवीन घर बांधताना किंवा फ्रेम तशीही बदलायची असेल तर मी हेच सांगतो, दोन काचा आणि तिसरं जाळीचं शटर, मजबूत काम. पण तुमची फ्रेम चांगली असताना ती उखडून काढणं म्हणजे भिंतीचा गिलावा फुटणार, ग्रॅनाइटचा उंबरा कदाचित हलणार, वॉटरप्रूफिंगला हात लागणार, परत पुट्टी आणि रंग. एवढं करायची गरज नाही.

थ्री ट्रॅक लावलेल्या लोकांचीच एक तक्रार मी सारखी ऐकतो, ती इथे नीट सांगतो कारण ती कुठल्याही सरकत्या जाळीच्या शटरला लागू आहे. समजा जाळीचं शटर सगळ्यात आतल्या ट्रॅकवर उजवीकडे उभं आहे. काचेचं मधल्या ट्रॅकवरचं शटर तुम्ही पूर्ण डावीकडे सरकवलंत तर त्याची उभी पट्टी आणि जाळीची उभी पट्टी एकमेकांसमोर येतात, मधे लोकरीसारखा ब्रश असतो, आम्ही त्याला वूल पाइल म्हणतो, तो फट बंद करतो. पण काच अर्धवट सरकवून ठेवलीत, गार वारा नको म्हणून किंवा आवाज कमी यावा म्हणून, तर जाळीच्या पट्टीसमोर काचेची पट्टी येत नाही, नुसती काच येते. पट्टीपेक्षा काच पातळ, म्हणून तिथे बोटभर जागा उरते. डास बाहेरून उघड्या भागातून येतो, जाळीला अडतो, सरकत सरकत जाळी आणि काचेच्या मधून खोलीत. लोक म्हणतात जाळी बंद असूनही डास येतात, ते इथून येतात. नियम एकच, सरकती जाळी असेल तर काच एकतर पूर्ण उघडी किंवा पूर्ण बंद. घरातल्या सगळ्यांना हे एकदा उभं करून दाखवायचं, तोंडी सांगून कुणाच्या लक्षात राहत नाही.

तुमच्या जागी मी काय केलं असतं ते आता सांगतो. फ्रेम न काढता आतल्या बाजूने एक वेगळा सिंगल ट्रॅक जोडून घेतला असता, वर आणि खाली, आणि त्यावर अर्ध्या रुंदीचं एकच सरकतं जाळीचं शटर. काचेचं दार एका वेळी अर्धंच उघडतं, म्हणून जाळीही अर्धीच पुरते, पूर्ण साडेआठ फुटांचे पैसे कुणी लावत असेल तर विचारा का म्हणून. टेरेसच्या बाजूने लावायचं का आतून, यावर दोन मतं आहेत. बाहेरून लावलं तर आतली जागा वाचते, पण पश्चिमेकडे किंवा नैर्ऋत्येकडे तोंड असेल तर पावसाचा मारा थेट जाळीवर बसतो, भोकांमध्ये पाण्याचा पडदा धरतो आणि वारा येईनासा होतो, वर बाहेरच्या बाजूला काही बदल केला की काही सोसायट्या हरकत घेतात. मी आतूनच लावतो. एकच अडचण, काचेच्या शटरचं हँडल आणि लॉक आत किती पुढे येतं ते मोजावं लागतं, नाहीतर जाळी त्याला घासते. जाडं हँडल असेल तर आत बसणारं चपटं हँडल टाकून घ्या, मोठा खर्च नसतो. आणि तुमच्या मधल्या जागेचा, म्हणजे जाळीची पट्टी आणि काचेची पट्टी यातल्या अंतराचा विचार करून वूल पाइलची उंची ठरवायला सांगा. ब्रश गरजेपेक्षा लहान असेल तर तो असून नसल्यासारखा, मोठा असेल तर शटर जड सरकतं आणि सासूबाईंना एका हाताने हलणार नाही.

शटर सव्वासात फूट उंच आहे, म्हणून मधे एक आडवी पट्टी हवीच, जमिनीपासून साधारण तीन फुटांवर. ही पट्टी दोन कामं करते. एक, जाळी ताणून रबरी बीडिंगमध्ये दाबली की उंच शटरच्या उभ्या पट्ट्या मधोमध आत ओढल्या जातात, डोळ्याला दिसत नाही पण वरपासून खालपर्यंत दोरी धरली की मधे तीन-चार मिलिमीटर पोकळी दिसते, आणि बरोबर तिथेच फट पडते, आडवी पट्टी हे आत ओढणं थांबवते. काम ताब्यात घेताना ही दोरी तुम्ही स्वतः धरून बघा. दुसरं म्हणजे मुलं दार उघडताना हँडल शोधत नाहीत, हात लागेल तिथे ढकलतात, आणि तो हात जाळीऐवजी पट्टीवर पडला तर जाळी वाचते.

या आडव्या पट्टीमुळे अजून एक गोष्ट जमते. पट्टीच्या खाली मांजरासाठी जाड जाळी लावायची, बाजारात तिला पेट मेश म्हणतात, पॉलिएस्टरच्या जाड धाग्यावर पीव्हीसीचं कोटिंग असतं, नखांना बऱ्यापैकी दाद देत नाही. पण तीच जाळी वरपर्यंत लावली तर हॉल अंधारा होतो आणि वारा कमी येतो, कारण धागा जाड. म्हणून वर साधी बारीक धाग्याची. शटर तेच, कापड दोन प्रकारचं, फॅब्रिकेटर कुरकुर करेल की दोन रोल आणावे लागतात, पण करून घ्या.

वरच्या भागाला फायबर की स्टील? फायबरग्लासची जाळी स्वस्त, गंजत नाही, पण एकदा बोट घुसलं की सैल पडते ती पडते. स्टेनलेस स्टीलची महाग, ताणलेली राहते, तार बारीक असेल तर बाहेरचं जास्त स्वच्छ दिसतं, उंदीर कुरतडत नाहीत. पुण्यासाठी ३०४ ग्रेड पुरे. रत्नागिरी, मालवण, अलिबाग किंवा गोव्यात समुद्राजवळ घर असेल तर ३१६ घ्यायची, तिच्यात मॉलिब्डेनम असतं आणि खाऱ्या हवेला ती जास्त टिकते, ३०४ वर तिथे तपकिरी डाग पडायला लागतात. इथे एक गैरसमज आहे, लोक लोहचुंबक घेऊन येतात आणि थोडं जरी चिकटलं तरी म्हणतात माल खोटा. ३०४ ची तार ओढून बारीक करतानाच तिच्यात थोडं चुंबकत्व येऊ शकतं, म्हणून नुसत्या चुंबकावरून निकाल लावू नका, बिलावर ग्रेड लिहून घ्या. रंग काळा किंवा गडद करडा घ्या. पांढरी जाळी दुकानात स्वच्छ वाटते पण दिवसा उजेड तिच्यावरच चमकतो आणि बाहेरचं काही दिसत नाही, काळ्यातून नजर आरपार जाते.

भोकं मोजायची सोपी पद्धत, जाळीवर स्टीलची पट्टी ठेवा, मोबाइलने जवळून फोटो काढा आणि मोठा करून एका इंचातले धागे मोजा. उभे आणि आडवे सोळा ते अठरा आले की झालं. नदीकाठी चिलटांचा त्रास जास्त असतो, २०२४ च्या फेब्रुवारीत केशवनगर-खराडीकडे मुळा-मुठेवर किड्यांचे खांब उभे राहिल्याचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिले, त्यानंतर बरेच जण सगळ्यात बारीक जाळी द्या म्हणून यायला लागले. इंचाला वीस बाय वीसची मिळते आणि चिलटं तिच्यात कमी येतात, हे खरं. पण धागा तेवढाच जाड राहिला तर उघडी जागा कमी होते, अठरा-सोळामध्ये साधारण दोन तृतीयांश जागा मोकळी असते, वीस-वीसमध्ये साठ टक्क्यांच्या आसपास. हॉलमध्ये क्रॉस व्हेंटिलेशन चांगलं असेल तर जाणवणार नाही, एकाच बाजूने वारा असेल तर मे महिन्यात जाणवेल. चिलटं उजेडाकडे येतात, टेरेसवरचा पांढरा दिवा दिवेलागणीनंतर दोन तास बंद ठेवून बघा, नाहीतर पिवळसर लावा. त्याने फरक पडला तर बारीक जाळीची गरज नाही.

सासूबाईंचा मुद्दा मी मुद्दाम वेगळा घेतोय. तुमचा सध्याचा खालचा ट्रॅकच जमिनीपासून वर असणार, त्याच्या आत अजून एक ट्रॅक आला की ओलांडायची रुंदी वाढते. वॉकरचे पुढचे दोन पाय पलीकडे आणि मागचे दोन अलीकडे, अशा अवस्थेत माणूस सगळ्यात जास्त अडखळतो. म्हणून आतून अॅल्युमिनियमची चेकर्ड, म्हणजे उठावाच्या नक्षीची पट्टी वाकवून उतार करून घ्या, उतार लांबट ठेवायचा, आखूड आणि चढा केला तर त्याचाच त्रास होतो. टेरेसच्या बाजूला उंबरा जास्त खाली असेल तर तिथेही. सासूबाई रोज संध्याकाळी टेरेसवर जाऊन बसतात की महिन्यातून एकदा, हे तुम्ही लिहिलेलं नाही. रोज जात असतील आणि उतार करायला जागाच नसेल, तर मात्र मी प्लीटेडकडे वळेन आणि मांजरासाठी वेगळा उपाय शोधेन. माणसाचं पडणं टाळायचं आधी, जाळी फाटली तर बदलता येते.

आणि मुलगा आठ वर्षांचा आहे म्हणून हे स्पष्ट लिहितो, कुठलीही डासांची जाळी, अगदी स्टीलचीसुद्धा, मुलाला किंवा मांजराला पडण्यापासून वाचवत नाही. ती कडेला रबराने दाबलेली असते, वजन पडलं की निघते. टेरेसचं रेलिंग पुरेसं उंच आणि मजबूत आहे ना ते वेगळं बघा, जाळी आली म्हणून तिथे ढिलाई नको.

काम देताना काय बघायचं ते सांगतो. माप एकदाच घेणारा माणूस नको. रुंदी वर, मधे, खाली अशी तीन ठिकाणी, उंचीही तीन ठिकाणी, आणि दोन्ही तिरकी मापं. तिरक्या मापांत फरक आला म्हणजे चौकट गुण्यात, म्हणजे काटकोनात नाही, तेव्हा शटर सरळ आणि चौकट तिरकी, मग वरच्या कोपऱ्यात निमुळती फट राहणारच. ट्रॅकच्या मागे पॅकिंग देऊन तो ओळंब्यात, म्हणजे सरळ रेषेत आणणारा कारीगर हवा, उरलेली फट सिलिकॉनने भरून टाकणारा नको. खालच्या रोलरला उंची कमी-जास्त करायचा स्क्रू आहे का विचारा, वर्षभरात शटर थोडं बसतं आणि मग तो स्क्रू लागतो. दर स्क्वेअर फुटाचा असतो, पण तो नेमक्या मापावर लावणार की वाढवून पुढच्या अर्ध्या फुटाला, ट्रॅक त्यात धरलाय की वेगळा, जीएसटी धरून की वरून, हे तीनही कोटेशनवर लिहून घ्या, नाहीतर स्वस्त वाटलेलं शेवटी तेवढ्यालाच पडतं.

अजून एक जागा कुणाच्या लक्षात येत नाही. तुमच्या काचेच्या दाराच्या खालच्या ट्रॅकला बाहेरच्या बाजूने लांबट भोकं असतील, पावसाचं पाणी वाहून जायला ठेवलेली. त्यातून मुंग्या आणि डास आत येतात म्हणून काही लोक ती सिलिकॉनने बुजवून टाकतात. असं कधी करू नका, पहिल्याच जोरदार पावसात ट्रॅक भरून पाणी हॉलमध्ये उतरतं. त्या भोकांवर जाळीचा छोटा तुकडा बाहेरून लावायचा, किंवा झाकण असलेली प्लास्टिकची टोपी मिळते ती, आणि पावसाळ्याआधी ट्रॅकमधली माती काढायची, मातीनेच ती जास्त तुंबतात.

नवीन जाळी लावण्याआधी काचेच्या शटरांचे जुने वूल पाइल मात्र बदलून घ्या. ते काही वर्षांत चपटे होतात, खाचेतून ओढून काढून नवीन सरकवायचे असतात, अर्ध्या दिवसाचं काम. काच बंद असतानाही तुमच्याकडे डास येतात असं लिहिलंय, त्याचं कारण बहुतेक हेच असणार. तसंच बाथरूमचे लूव्हर्स, म्हणजे तिरक्या काचपट्ट्या, आणि किचनचा एक्झॉस्ट उघडे असतील तर हॉलच्या दाराला कितीही खर्च करा, डास तिकडून येईल, त्यांना साधी वेल्क्रोची जाळी पुरते.

जाळी फक्त संध्याकाळी लावायची सवय असेल तर तीही सोडा. नदीच्या घाण पाण्यावर आणि जलपर्णीत वाढणारा क्युलेक्स जातीचा डास रात्री चावतो, त्याच्यासाठी संध्याकाळ बरोबर आहे. पण डेंग्यूचा एडिस दिवसा चावतो, सकाळी आणि संध्याकाळच्या आधी जास्त, आणि तो नदीतून येत नाही, तुमच्याच टेरेसवरच्या कुंडीखालच्या ताटलीतल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. म्हणून शटर हलकं सरकणारं हवं, दिवसभर लावून ठेवायचं म्हणजे दिवसभर उघड-बंद होणार.

तुमचा मजला कितवा, टेरेसचं तोंड कुठल्या दिशेला, आणि काचेच्या हँडलपासून आतल्या भिंतीच्या कडेपर्यंत किती जागा आहे, एवढं टेपने मोजून कळवा. दाराचा आतून एक फोटो आणि खालच्या ट्रॅकचा जवळून एक फोटो टाका, मग सिंगल ट्रॅक आतून बसतो की नाही हे मी नक्की सांगू शकेन.